वहीतली बाकी आणि वहीतली नावं: खाणावळीच्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

परळ-दादरच्या पट्ट्यात एक छोटं महिला इतिहास ग्रंथालय आहे. नाव देत नाही, आणि यात आलेल्या कुणाचंच नाव देणार नाही, कारण हे सगळं प्रकरणच नावांवरून झालेलं आहे. मी तिथल्या कार्यक्रम समितीत काम करते. संग्रह म्हणाल तर पुस्तकं, बायकांच्या मासिकांचे जुने अंक, महिला मंडळांची इतिवृत्तं, मोर्च्यांची पत्रकं, पोस्टर्स आणि बऱ्याच रेकॉर्ड केलेल्या मुलाखती. वाचायला येणारे बहुतेक एमए-पीएचडीवाले. आजूबाजूच्या चाळींतल्या आणि आता टॉवरमध्ये राहायला गेलेल्या बायका मात्र फारशा फिरकत नाहीत, जरी कपाटातला निम्मा इतिहास त्यांच्याच आया-आज्यांचा असला तरी. जिना दोन मजले चढायचा, लिफ्ट नाही, कार्यक्रम ठेवायचे तर संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे नेमकं दूध-भाजी, मुलांचे क्लास आणि कुकर लावायच्या वेळेला.

म्हणून ठरलं की एक प्रदर्शन असं करायचं जे मुळात या भागातल्या बायकांसाठी असेल. विषय गिरणगावातल्या बायकांचं काम. तीन भाग ठरले. पहिला गिरणीच्या आतला, रिळिंग आणि वाइंडिंग खात्यातल्या बायका, त्यांच्यावरची नायकीण म्हणजे मुकादम बाई, १९२८ च्या संपात पुढे आलेल्या उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, आणि पुढे बाळंतपणाच्या रजेचा १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा, रात्रपाळीला बंदी, मशिनं बदलणं, मालकांची टाळाटाळ असं सगळं मिळून त्यांची संख्या घसरतच गेली, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तिसरा भाग रस्त्यावरचा, १९७२ पासूनची महागाई प्रतिकार समिती, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, थाळ्या-लाटणी घेऊन निघालेल्या बायका.

आणि मधला भाग खाणावळींचा. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हाच होता. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेले पुरुष गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे, एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच झोपायची, आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतलीच एखादी बाई करायची. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार, त्यातच पंधरा-वीस मेंबरांची, म्हणजे महिन्याच्या हिशोबाने जेवणाऱ्यांची भाकरी-आमटी, रविवारी वशाट म्हणजे मटण-मासळी. यातल्या कितीतरी जणी विधवा नाहीतर नवऱ्याने टाकलेल्या. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं, पैसे मात्र मेंबरचा पगार झाला की मिळणार. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. कामगार चळवळीच्या इतिहासात संप किती दिवस टिकला हे ठळक असतं, पण जेवण कुणी घातलं म्हणून टिकला ही ओळ शोधावी लागते. आम्हाला तीच ओळ भिंतीवर लावायची होती.

वही कशी मिळाली, होती कशी

खाणावळीची भांडी मिळाली, फोटो मिळाले, पण कागद मिळेना. मग एका बाईंनी माळ्यावरून एक वही काढून आणून दिली, त्यांच्या सासूबाईंच्या खाणावळीची. सासूबाई म्हणजे आपण आजी म्हणू, हयात आहेत, ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं पण आठवण पक्की.

वही लांबट, जाड पुठ्ठ्याची, कडेला तेलाचे डाग, मधली काही पानं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक पानावर वर महिना, खाली ओळीने मेंबरचं नाव, कंसात गाव, पुढे रोजच्या दोन दांड्या, सकाळची आणि रात्रीची. जेवायला आला नाही त्या दिवशी दांडीच्या जागी 'खा', म्हणजे खाडा, तेवढे पैसे महिन्याच्या शेवटी वजा. सगळ्यात उजवीकडे दिले किती आणि बाकी किती. अक्षर गोल गोल, शाळकरी, कुठे कुठे ओळ सोडून वर चढलेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि या वहीत फेब्रुवारीपासून 'दिले'चा रकाना रिकामा व्हायला लागतो. दांड्या चालूच आहेत. एप्रिल-मेपर्यंत खाडे वाढतात कारण माणसं गावी निघून जायला लागली, पण जे मुंबईत राहिले त्यांच्या दांड्या दोन्ही वेळच्या, आणि बाकी दर महिन्याला पुढच्या पानावर चढवत नेलेली.

एका संपाचं पोट कुणी भरलं याचा यापेक्षा सरळ पुरावा मी तरी पाहिलेला नाही. समितीत सगळ्यांचं एकमत झालं की ही वही मध्यभागी ठेवायची. सूनबाईंनी लोन फॉर्मवर, म्हणजे वस्तू प्रदर्शनापुरती उसनी दिल्याच्या कागदावर सही केली, वहीची अवस्था लिहून फोटो काढून ठेवले, पानं न दाबता वरून स्कॅन झालं. काचेच्या पेटीत फोमच्या उतारावर वही मे १९८२ च्या पानावर उघडून ठेवली, उजेड ५० लक्सच्या आत, कारण बॉलपेनची शाई भराभर उडते. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की ही संपकाळातली मेंबरांची थकबाकी आहे.

अडचण

प्रदर्शन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एक गृहस्थ आले, पन्नाशीचे असतील, बरोबर कॉलेजातला मुलगा. खाणावळीच्या भागाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग तिथे बसलेल्या व्हॉलंटियरला शांतपणे विचारलं, "ताई, हे नाव माझ्या वडिलांचं आहे. पुढे बाकी लिहिलंय. तुम्ही इथे लावून ठेवलंय म्हणजे माझा बाप कर्ज बुडवून गेला असं लोकांना सांगताय का?"

ते ओरडले नाहीत, काही नाही. पण तोवर त्यांच्याच गावच्या कुणीतरी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, 'बघा आपल्या वाडीची नावं म्युझियममध्ये' असं कौतुकाने, आणि मग त्याखाली कोणाची किती बाकी यावर चर्चा रंगली. गृहस्थांचे वडील संपानंतर परत गिरणीत लागलेच नाहीत, गावी गेले आणि काही वर्षांत वारले. त्या पानावरच्या बऱ्याच जणांची तीच गत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता संपत गेला, आणि ज्या घरांनी त्यात सगळं घालवलं त्यांच्यासाठी चाळीस वर्षं हा काही फार जुना काळ नाही. नातवंडं याच भागात आहेत. कुणी सिक्युरिटीत, कुणी कुरियरमध्ये, कुणी बँकेत.

व्हॉलंटियरने त्यांना पाणी दिलं, नंबर घेतला आणि सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत तुम्हाला फोन येईल. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने हे एवढं नीट सांभाळलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

पहिला निर्णय, त्याच दिवशी

दोन मार्ग होते. पेटीतलं पान गुपचूप बदलायचं, किंवा झाकून तसं सांगायचं. ट्रस्टींपैकी एका बाईंचं मत होतं की पान उलटून १९८० चा एखादा महिना ठेवा, तेव्हा सगळ्यांचे पैसे वेळेवर आहेत, कुणाची हरकत येणार नाही, विषय मिटेल. कामाच्या दृष्टीने हेच सोपं होतं. पण मग वही फक्त खाणावळीचा हिशोब झाली असती, संपाचा पुरावा राहिली नसती.

आम्ही पान पांढऱ्या मलमलीने झाकलं आणि काचेवर एक कार्ड ठेवलं: या पानावर काही कुटुंबांची नावं आहेत, त्यांच्याशी आणि वहीच्या घरच्यांशी बोलून पुढचं ठरवू, तोपर्यंत पान झाकलं आहे. एवढंच. काही पाहुण्यांनी हे कार्ड बाकीच्या सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त वेळ वाचलं. गृहस्थांना संध्याकाळी फोन गेला.

पर्याय कोणकोणते होते

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली, लांबली, आवाज चढले.

संशोधन बघणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं की पान आहे तसं दाखवा. गिरणी कामगारांची नावं मालकांच्या हजेरीपटांत होती आणि ते हजेरीपट गिरण्यांबरोबर बहुतेक गेले, आता एका निरक्षर बाईच्या वहीत माणसं नावा-गावासकट सापडतायत आणि तीच आपण झाकायची? शिवाय झाकलेल्या कागदावर उद्या कोण विश्वास ठेवेल. मुद्दा खरा होता.

दुसरं टोक म्हणजे वहीच काढून टाका. एका ट्रस्टींनी वकिलांना विचारून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाबद्दलचा मजकूरसुद्धा, घरच्यांना दुखवायचा हेतू असेल तर, आपल्याकडे बदनामीत येऊ शकतो. इथे तसा हेतू नाही हे वकिलांनीही मान्य केलं, तरी संस्था लहान आहे, कशाला डोक्याला ताप, असा सूर. पण वही गेली की त्या भिंतीवर काय उरतं? दोन पातेली, एक परात आणि पुढाऱ्यांचे फोटो.

तिसरा पर्याय मूळ वही बंद करून आत ठेवायची आणि पानाची हुबेहूब कॉपी नावं झाकून लावायची. चौथा, पानावरच्या प्रत्येक घराला शोधून परवानगी मागायची. चौथा ऐकायला सगळ्यात न्याय्य, पण किती घरं सापडणार, आणि जी सापडणार नाहीत त्यांचं काय?

आणि मग कुणाच्यातरी लक्षात आलं की आपण सगळ्यांना विचारायचं म्हणतोय पण आजींना विचारलंच नाही. परवानगी सूनबाईंनी दिली होती, घर त्यांचं, वही त्यांच्या माळ्यावर, फॉर्म त्यांच्या नावाने, सगळं नियमात बसणारं. पण खाणावळ आजींची. आणि अक्षर कुणाचं? आजींना लिहिता येत नाही. चौकशी केली तर अक्षर त्यांच्या मोठ्या मुलीचं निघालं, तेव्हा सातवीत होती, रात्री जेवणं उरकली की आई सांगायची आणि ही लिहायची. ती ताई लग्न होऊन कल्याणच्या पुढे राहते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या हिशोबाने बघितलं तरी वस्तू ज्याच्याकडे आहे तो आणि लिखाण ज्याचं आहे तो हे वेगळे असू शकतात. कायदा सोडा, आपण ग्रंथालय कशाचं चालवतो? ज्या मुलीने हे सगळं लिहिलं तिचं पाटीवर नाव नाही, तिला कुणी विचारलं नाही, हे महिला इतिहासाच्या ग्रंथालयात व्हायला नको होतं.

आजींकडे

आम्ही दोघी गेलो. आजी पलंगावर बसल्या होत्या, ताई मुद्दाम कल्याणहून आली होती. स्कॅनची मोठी प्रिंट नेली होती. ताईने एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि आजी एकेका माणसाबद्दल सांगत गेल्या. हा भाकरी तीन खायचा. हा कधी बोलायचा नाही. याची बायको बाळंतपणात गेली म्हणून मे महिन्यात खाडे.

त्या गृहस्थांच्या वडिलांचं नाव आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "त्याची कसली बाकी? दोन वर्षं तांदूळ पाठवले त्याने. एसटीच्या टपावरून पोतं यायचं." मग ते वहीत का नाही? ताई म्हणाली, आई पैसे सांगायची तेवढे मी लिहायचे, तांदूळ आले ते पातेल्यात गेले, ते कोण लिहितंय. असे तीन-चार जण निघाले. कुणी तांदूळ, कुणी कुळीथ, कुणी आमसुलं, एकाने गावाहून येऊन मोरीची फरशी बसवून दिली.

म्हणजे आमची पाटी चुकीची होती. 'बाकी'चा रकाना फक्त रोख पैशांचा होता, आणि रोख पैसा ज्या काळात कुणाकडे नव्हता त्या काळातली फेड धान्यात आणि कामात झाली होती. वही एकटी वाचली तर ती या माणसांबद्दल खोटं बोलते, आणि आजींबरोबर वाचली तरच खरं. पण याचा अर्थ सगळ्यांनी फेडलं असाही नाही. काही जण परत आलेच नाहीत आणि आजींनी तेही सरळ सांगितलं, उगाच गोड करून नाही. किराणावाल्याचं देणं फेडायला त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडल्या, पितळेची भांडी विकली, आणि हे सांगताना आवाज जरासा चढला.

काय करावं असं विचारल्यावर त्यांनी वेळ घेतला नाही. "नावं झाका. त्यांच्या पोराबाळांना कशाला. पण आकडे राहू देत, ते माझे आहेत. एवढं जेवण मी घातलंय."

समितीत जे तासन्‌तास सुटत नव्हतं ते इथे सुटलं. नावं त्या माणसांची, तो भाग त्यांच्या घरच्यांचा. दांड्या आणि आकडे हे आजींच्या कामाचं माप, ते झाकायचा हक्क कुणालाच नाही, ना ट्रस्टला ना मेंबरांच्या मुलांना.

काय केलं

मूळ वही बंद करून ॲसिड-फ्री डब्यात ठेवली. मे १९८२ च्या पानाची मूळ आकाराची कॉपी लावली, नावांवर कागदाच्याच रंगाच्या पट्ट्या, म्हणजे झाकलंय हे दिसेल पण डोळ्यात खुपणार नाही. गावं ठेवावीत का यावर पुन्हा चर्चा झाली. लहान वाडीचं नाव म्हणजे जवळजवळ माणसाचंच नाव, म्हणून गावाऐवजी तालुका लिहिला. पाटी नव्याने लिहिली: दांडी म्हणजे काय, खाडा म्हणजे काय, बाकीच्या रकान्यात काय धरलेलं नाही, आणि लिहिणारी कोण. ताईने स्वतःचं फक्त पहिलं नाव द्यायला सांगितलं, सातवीची विद्यार्थिनी असं पुढे लिहायला लावलं. बाजूला हेडफोनवर आजींचं बोलणं, त्यातूनही नावं काढलेली.

गृहस्थांना परत फोन केला, तांदळाचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले नाव झाकलंत ना, मग माझं काही म्हणणं नाही. ते पुन्हा आले नाहीत.

एक नवाच पेच मात्र त्यानंतर आला. दुसऱ्या एका घराने कळवलं की आमच्या वडिलांचं नाव उघडं ठेवा, त्यांनी कुळीथ पाठवून फेडलं हे लोकांना कळू दे. मागणी रास्त, आणि नाव उघडं ठेवायचा त्यांना हक्कही. पण एक नाव उघडं राहिलं की बाकीच्या झाकलेल्यांवर संशय जातो, की यांनी बुडवले म्हणून झाकले. शेवटी पान सगळ्यांसाठी सारखंच ठेवलं आणि त्या घराचं म्हणणं त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावाने, वेगळ्या चौकटीत लावलं. समितीतल्या दोघींना हे अजूनही पटलेलं नाही. मला पटतं.

तिळगूळचा कार्यक्रम

प्रदर्शनाला जोडून खाणावळवाल्या बायकांचा एक कार्यक्रम आधीपासून ठरलेला होता. ८ मार्चला ठेवायचा नाही हे पक्कं होतं, त्या दिवशी प्रत्येक बँकेत, ऑफिसात, पक्षात महिला दिन असतो आणि बायकांना तीन ठिकाणी गुलाबाची फुलं घ्यायला जायचं असतं. १८ जानेवारीच्या आसपासचा रविवार घेतला. संक्रांत ते रथसप्तमी चाळीचाळींतून हळदीकुंकू चालू असतं, बायकांची घराबाहेर पडायची तयारीच असते. मग कुणी सुचवलं की आपणही हळदीकुंकूच ठेवू, गर्दी आपोआप होईल.

गर्दी झाली असती हे खरं. पण ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यातल्या अर्ध्याअधिक विधवा. त्यांना दारात उभं करून आतल्यांना कुंकू लावायचं का? आता बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना लावतात, पण ऐंशी वर्षांच्या आजीला सगळ्यांसमोर 'घ्या हो, काही होत नाही' असा आग्रह करणं हाही एक जुलूमच. म्हणून हळदीकुंकू नाही, फक्त तिळगूळ, आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक लांबट वही.

जागा दोन मजले वरच्या वाचनालयात नाही तर जवळच्या चाळीतल्या मंडळाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. वेळ दुपारी चार. सतरंजी नाही, खुर्च्या, कारण गुडघे. एका स्थानिक पुढाऱ्याच्या माणसांनी मांडव-खुर्च्या फुकट देऊ केल्या होत्या, बदल्यात बॅनर. नाही म्हटलं, खुर्च्या भाड्याने आणल्या, त्यासाठी चहाबरोबरचा बटाटेवडा रद्द करावा लागला. प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, कॉर्डलेस माईक हातोहात फिरत राहिला. रेकॉर्डिंगला चालेल का हे बोलण्याआधी विचारलं आणि बोलून झाल्यावर पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर काही जणींनी मत बदललं, एकीने आवाज ठेवा पण चेहरा नको म्हटलं, एकीने सगळंच पुसायला लावलं. पुसलं.

परिणाम

हॉल भरला, मागे माणसं उभी राहिली. बायकांनी बरोबर वस्तू आणल्या: रेशनकार्ड, बँकेची जुनी कर्जपुस्तिका, मेंबरांचे पितळी डबे ज्यांच्या झाकणावर ठोकून नावं घातलेली. नावं पुन्हा आलीच. सगळं ठेवून घेणं शक्य नव्हतं, जागा नाही आणि पावसाळ्यात मुंबईची हवा कागदाला काय करते हे आम्हाला माहीत आहे, एसी रात्री बंद असतो. म्हणून स्कॅन करून वस्तू परत, आणि अगदी खराब व्हायला आलेल्या तेवढ्या ठेवल्या.

नंतरच्या आठवड्यांत वाचनालयात दोन मजले चढून बायका येऊ लागल्या, फार नाही, पण आधी येतच नव्हत्या. गृहस्थांची बहीण कार्यक्रमाला आली होती, आजींच्या शेजारी जाऊन बसली.

सगळंच चांगलं झालं असं नाही. व्हॉट्सॲपवरचा तो फोटो आता कुठे कुठे गेला असेल, तो परत घेता येत नाही. एका संशोधकाने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की संस्थेने दबावापुढे मान तुकवली. ट्रस्टींपैकी एक यापुढे घरगुती कागदपत्रांचं प्रदर्शन नकोच या मताचे झाले.

पुन्हा करायचं तर

लोन फॉर्ममध्ये 'देणाऱ्याचं नाव' एवढाच रकाना होता, तो पुरत नाही. वस्तू वापरली कुणी, लिहिली कुणी, यात आणखी कुणाची नावं आहेत, आणि त्यातलं हयात कोण आहे, हे चार प्रश्न आता फॉर्मवर आहेत. नावांचा कागद असेल तर पाटी लिहिण्याआधी मुलाखत, हा क्रम ठरवून टाकलाय. यावेळी वेळ नव्हता म्हणून मुलाखत मागे पडली आणि पाटी आधी छापली गेली, नाहीतर तांदळाची गोष्ट पहिल्याच दिवशी भिंतीवर असती.

मोबाईलने फोटो काढायला सरसकट बंदी घालावी असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही, आपल्या आईचा फोटो भिंतीवर बघून त्याच्यासोबत सेल्फी काढणाऱ्या बाईला कसं अडवणार? ज्या कागदावर इतरांची नावं आहेत तेवढ्यापुरती बंदी आणि तिथे एक माणूस बसवायचा, हे जास्त बरं. वयस्कर बायकांना घरून आणायच्या टॅक्सीचे पैसे पहिल्या बजेटमध्येच धरायला हवेत, यावेळी ते आयत्या वेळी व्हॉलंटियरनी खिशातून घातले.

नावांसकटच्या पूर्ण स्कॅनचं काय करायचं हे अजून ठरायचंय. संशोधनवाल्या मॅडमचा मुद्दा मला मान्य आहे, ही नावं कायमची पुसली जाऊ नयेत. आजी आणि ताई दोघींच्या हयातीत स्कॅन बंद, नंतर समितीने अर्ज बघून द्यावा, असा मसुदा तयार आहे. ताईने त्यात एक अट घालायला सांगितली आहे: ज्या कुणाला वही बघायची असेल त्याने आधी आईचं पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि मगच वही उघडायची. पुढच्या मीटिंगला हे कलम मंजुरीला येणार आहे.